निवडणुकीची ड्युटी लागली आणि शिमला-मनाली रद्द झालं: कोणाकडून किती पैसे परत आले, आणि कसे

मे २०२४ मध्ये आम्ही चौघं शिमला-मनालीला जाणार होतो: मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. लोकसभेच्या निवडणुकीचं काम लागलं आणि सहल रद्द करावी लागली. पुढचे दोन महिने रेल्वे, विमान, हॉटेल, टॅक्सी आणि विमा यांच्याकडून पैसे परत मिळवण्यात गेले. नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी स्टाफरूममधल्या दोघीतिघींवर हीच पाळी आली आणि प्रत्येकीला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आता ते क्रमाने लिहून ठेवते आहे. यातले नियम आणि आकडे २०२४ च्या उन्हाळ्यातले आहेत. ते बदलत असतात, त्यामुळे तुमच्या वेळचे नियम एकदा नक्की बघून घ्या.

तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं (१ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे). ९ मेच्या झेलम एक्सप्रेसची अंबाल्यापर्यंतची थर्ड एसीची चार तिकिटं आम्ही १० जानेवारीला सकाळी आठ वाजता काढली. आठ हजारांच्या आसपास गेले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंद आहे, म्हणून सासूबाईंचंही पूर्ण भाडं भरलं. कालका-शिमला ही छोटी गाडी हे त्यांचं या सहलीतलं मुख्य आकर्षण होतं, तिची तिकिटं दोन हजारांची. येताना १८ मेचं चंदीगड-पुणे विमान, एका बुकिंग पोर्टलवरून, चौघांचे २७,२०० रुपये. तिथेच माणशी २४९ रुपयांचा प्रवासविमाही घेतला. शिमल्याचं हॉटेल 'तिथे गेल्यावर पैसे द्या' प्रकारातलं. मनालीच्या होमस्टेला मात्र १६,००० रुपये आगाऊ यूपीआयने पाठवले होते, आणि फिरायच्या गाडीसाठी ड्रायव्हरला ५,०००.

१६ मार्चला दुपारी निवडणूक आयोगाने वेळापत्रक जाहीर केलं. महाराष्ट्रात पाच टप्पे, पुण्याचं मतदान चौथ्या टप्प्यात, १३ मे रोजी. कॉलेजने आमची सगळ्यांची माहिती त्याआधीच पाठवलेली होती, त्यामुळे नाव येणार हे जवळपास ठरलेलं. तरी आदेश हातात येईपर्यंत आम्ही काहीच रद्द केलं नाही. सगळ्यांची नावं लागत नाहीत, आणि जाण्यासाठी अजून दोन महिने होते. त्या दिवसांत मी एक काम केलं आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. वहीच्या एका पानावर प्रत्येक बुकिंगपुढे तीन गोष्टी लिहिल्या: आज रद्द केलं तर किती कापतील, कापायची रक्कम कोणत्या तारखेपासून वाढते, आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले होते. तुम्हीही ड्युटीच्या नुसत्या चर्चेच्या वेळीच हे करून ठेवा. आदेश आल्यावर डोकं शांत राहत नाही.

१० एप्रिलला आदेश आला. मतदान अधिकारी क्रमांक १. पहिलं प्रशिक्षण एप्रिलमध्ये, दुसरं मेच्या पहिल्या आठवड्यात, १२ मेला साहित्यवाटप आणि १३ ला मतदान. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम २६ वर छापलेलं, आणि गैरहजर राहिल्यास कलम १३४ नुसार कारवाईची सूचना. शिवाय मुख्यालय सोडायचं नाही. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसं बोललं नाही. मुलीने स्वतःहून बॅगेची यादी फ्रिजवरून काढून ठेवली. ते बघून मला फार वाईट वाटलं.

१२ तारखेला प्राचार्यांचं पत्र घेऊन निवडणूक कार्यालयात गेले. रांग मोठी होती, दोन तास उभी होते. तिथल्या कारकुनांनी नीट ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, मोठं आजारपण, बाळंतपण, घरात लग्न असं असेल तर साहेब विचार करतात. तिकिटं काढलीत हे कारण चालत नाही. तशी तर निम्म्या लोकांनी काढलेली असतात." रद्द झालेल्या तिकिटांची भरपाई मिळते का, तेही विचारलं. तशी तरतूद नाही, म्हणाले. कामाचं मानधन मिळतं तेवढंच. मी तरीही लेखी अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. त्या अर्जातून पैसे मिळाले नाहीत. पण आदेशाची प्रत आणि हा शिक्का मारलेला अर्ज ही दोन पानं मी पुढे सगळ्यांना पाठवली. आम्ही मनात आलं म्हणून रद्द करत नाही, सुटण्याचा प्रयत्नही करून झाला आहे, हे त्यातून दिसत होतं. आदेश कोणालाही पाठवण्याआधी त्यावरचा मोबाईल नंबर आणि कर्मचारी क्रमांक झाकून घ्या.

बाकीच्या तिघांनी जावं आणि मी १४ तारखेला विमानाने त्यांना गाठावं, असाही विचार झाला. रेल्वेच्या एकाच तिकिटावरचा एक प्रवासी रद्द करता येतो, बाकीचे तसेच राहतात, तेव्हा ते शक्य होतं. पण मतदानानंतर यंत्रं जमा करेपर्यंत मध्यरात्र उलटते. एखाद्या केंद्रावर फेरमतदान लागलं तर तिथल्या लोकांना पुन्हा हजर व्हावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, "तू नसलीस तर मला गाडीत बसवायचं तरी कशाला?" विषय तिथे संपला.

आता रद्द कशापासून करायचं? घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं की विमान आधी, कारण त्यात पैसे सर्वात जास्त अडकलेले. मला ते पटलं नाही. विमानाचं रद्दशुल्क १४ मेपर्यंत वाढणार नव्हतं. रेल्वेचं गाडी सुटायच्या ४८ तास आधीपर्यंत ठरलेलंच होतं. होमस्टेवाल्याकडे आणि ड्रायव्हरकडे मात्र कसलाच नियम आमच्या बाजूने नव्हता. 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' असं होमस्टेच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं. त्यांना त्याच तारखांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं तरच ते पैसे देतील, आणि गिऱ्हाईक शोधायला वेळ त्यांनाच हवा. म्हणून पहिले फोन त्या दोघांना केले, १३ एप्रिलच्या संध्याकाळी.

होमस्टेच्या मालकांशी आधी फोनवर बोलले, मग तेच सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून आदेश जोडला. पूर्ण रक्कम मागितली नाही. लिहिलं की मे महिना तुमच्या सीझनचा आहे, एक महिना आधी कळवते आहे, खोल्या भरल्या तर जमेल तेवढं परत करा. ते म्हणाले, "मॅडमजी, अभी कुछ नहीं बोल सकता, पर याद रखूँगा." मी दर आठवड्याला एकदा, शनिवारी, साधा मेसेज पाठवत राहिले. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही खोल्या गेल्या आणि ७ मेला १२,००० रुपये माझ्या खात्यात आले. उरलेले ४,००० पुढच्या वर्षी आलात तर धरू, म्हणाले. त्यांच्यावर काहीही बंधन नसताना त्यांनी हे केलं. ड्रायव्हरदादांनी ३,००० दोनच दिवसांत परत पाठवले. उरलेले दोन हजार मी मागितले नाहीत. त्या तारखांसाठी त्यांनी एक भाडं नाकारलं होतं, हे त्यांनी मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं.

शिमल्याच्या हॉटेलचं सोपं होतं. पाच दिवस आधीपर्यंत रद्द करणं मोफत, एक बटण दाबलं, ईमेल आला.

रेल्वेची तिकिटं आम्ही २० एप्रिलला रद्द केली. २०२४ च्या नियमाने कन्फर्म तिकीट ४८ तासांहून आधी रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी १८० रुपये कापायचे (स्लीपरला १२०, सेकंड एसीला २००), आणि एसी वर्गाला त्यावर पाच टक्के जीएसटी. चौघांचे ७५६ रुपये गेले. बुकिंगच्या वेळचं सुविधा शुल्क परत येत नाही. ४८ तासांच्या आत आलात तर पंचवीस टक्के, बारा तासांच्या आत पन्नास टक्के कापायचे, आणि शेवटच्या चार तासांत कन्फर्म तिकिटाचं काहीच मिळायचं नाही. त्यामुळे 'बघू, कदाचित ड्युटीतून नाव वगळतील' म्हणून थांबायचं असेल तर तुमच्या वेळच्या नियमातली ही तासांची रेघ मनात पक्की ठेवा. पैसे ज्या खात्यातून गेले होते त्यातच आपोआप आले, कुठे अर्ज करावा लागला नाही. छोट्या गाडीचेही थोडे कापून आले. त्या गाडीचं तिकीट रद्द करताना सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "१९०३ सालापासून चालते आहे ना ती, मग अजून वर्षभर चालेल," असं म्हणून त्यांनी मलाच धीर दिला.

रेल्वेचं आणखी एक. आपल्याऐवजी घरातलं दुसरं कोणी जाणार असेल, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको किंवा मुलं, तर गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज आणि नात्याचा पुरावा देऊन कन्फर्म तिकीट त्यांच्या नावावर करता येतं. आम्हाला ते लागलं नाही, पण माझ्या मैत्रिणीच्या जागी तिची बहीण अशीच गेली.

सगळ्यात जास्त त्रास विमानाने दिला.

२७ एप्रिलला, पहिलं प्रशिक्षण झाल्यावर, ती तिकिटं रद्द करायला बसलो. आधी तारीख पुढे ढकलता येते का पाहिलं. तारीखबदलाचं शुल्क आणि जूनच्या भाड्यातला फरक मिळून रद्द करण्यापेक्षा जास्त होत होते, शिवाय जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं. रद्दच करायचं ठरलं. विमान कंपनीचे माणशी ३,५०० आणि पोर्टलचं सेवाशुल्क माणशी ३००. म्हणजे २७,२०० मधले १५,२०० जाणार आणि १२,००० परत. बटण दाबण्याआधी या हिशेबाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, आणि तिकिटावरच्या भाड्याच्या फोडीचाही: मूळ भाडं किती, इंधन अधिभार किती, विमानतळाचं शुल्क किती. रद्दशुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. तुमचं तिकीट कितीही स्वस्त आणि 'नॉन-रिफंडेबल' असलं, तरी कर आणि विमानतळाचं प्रवासी विकास शुल्क परत मिळायलाच हवं. आमची तिकिटं महाग असल्याने हा नियम लागू पडला नाही, पण दोन-अडीच हजारांचं तिकीट असेल तर पुष्कळजण 'काही मिळणार नाही' म्हणून ते रद्दच करत नाहीत. तसं करू नका. रद्द करा आणि कराचे पैसे घ्या.

पैसे मूळ खात्यात हवेत असा पर्याय मी निवडला होता. ३० एप्रिलला ते पोर्टलच्या वॉलेटमध्ये जमा झाल्याचा मेसेज आला. पोर्टलच्या चॅटवर विचारलं, तर विमान कंपनीकडून तसंच आलं आहे म्हणाले. विमान कंपनीला फोन केला, तर तिकीट एजंटकडून घेतलंय, त्यांच्याशीच बोला. दोघांमधली ही ढकलाढकल दोन-तीन दिवस चालली. दिवसा प्रशिक्षणाचं पुस्तक, फॉर्म १७ क (नोंदवलेल्या मतांचा हिशेब) आणि चाचणी मतदान, रात्री हे चॅट. फार थकवा आला आणि एकदा वाटलं की जाऊ दे, राहू दे वॉलेटमध्ये. नवऱ्याने त्या रात्री डीजीसीएच्या संकेतस्थळावरून मूळ नियम शोधून काढला: सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, भाग २. त्यात आमच्या कामाच्या दोन गोष्टी स्पष्ट होत्या. परताव्याची रक्कम क्रेडिट म्हणून ठेवायची की नाही ते प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. आणि एजंट किंवा पोर्टलकडून तिकीट घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. तेव्हाच्या नियमाने तीस कामकाजाच्या दिवसांत पैसे मिळायला हवे होते. कंपनीकडून थेट क्रेडिट कार्डाने तिकीट काढलं तर हीच मुदत सात दिवसांची होती. पुढच्या वेळी विमानाचं तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरूनच काढायचं, हे आमच्या घरात तेव्हाच ठरलं.

मग मी चॅट थांबवलं आणि विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यांना (म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) एकच ईमेल लिहिला. पीएनआर, रद्द केल्याची तारीख, स्क्रीनशॉट, नियमातली ती दोन वाक्यं, आणि 'रक्कम मूळ क्रेडिट कार्डावर जमा करावी' ही मागणी. रागाचं एकही वाक्य ठेवलं नाही. पाच दिवसांत फक्त पोच आली, उत्तर नाही. म्हणून ८ मेला केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली. मोबाईल नंबरने खातं उघडायचं, कंपनी निवडायची, कागद जोडायचे. वीस मिनिटं लागली, पैसे काही लागत नाहीत. तक्रार क्रमांक मिळतो तो जपून ठेवायचा. तक्रारीत पोर्टल आणि विमान कंपनी दोघांचीही नावं घाला, म्हणजे कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही.

१३ मेला मतदान झालं. रात्री साहित्य जमा करून घरी यायला दोन वाजले. त्या आठवड्यात मी ईमेल उघडलेच नाहीत. २१ तारखेला पाहिलं तर विमान कंपनीचं उत्तर आलेलं: पोर्टलला रक्कम परत वळवायला सांगितलं आहे. पुढच्या दहा दिवसांत वॉलेटमधले पैसे आधी शून्य झाले, आणि ते बघून छातीत धस्स झालं, कारण कार्डावर तर काहीच दिसत नव्हतं. ३ जूनला, निकालाच्या आदल्या दिवशी, कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये १२,००० रुपये जमा दिसले. वॉलेटमधून निघून कार्डावर यायला मध्ये काही दिवस जातात, तेव्हा घाबरून दुसरी तक्रार करू नका. पहिलीचाच क्रमांक देऊन विचारणा करा.

एअरसेवावरही काम झालं नसतं तर पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर जायचं ठरवलं होतं, आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. हे माहीत असल्याने मनावरचा ताण कमी झाला. पोर्टलच्या सेवाशुल्काचे १,२०० रुपये मात्र मी सोडून दिले, कारण बुकिंगच्या पानावर ते आधीच लिहिलेलं होतं.

विम्याचे ९९६ रुपये गेले ते गेलेच. मी दावा दाखल केला, कागद जोडले, आणि पंधरवड्यात नकाराचं पत्र आलं. पॉलिसीत सहल रद्द होण्याची मान्य कारणं मोजून दिलेली होती: मृत्यू, गंभीर आजार, रुग्णालयात दाखल होणं, नैसर्गिक आपत्ती. नोकरीचं काम स्पष्ट शब्दांत वगळलेलं. कारण योग्य असताना नकार आला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर, आणि तिथेही नाही झालं तर विमा लोकपालांकडे मोफत जाता येतं. लोकपालांचं एक कार्यालय पुण्यातही आहे. आमच्याबाबतीत शब्दच आमच्या विरुद्ध होते, म्हणून तिथे वेळ घालवला नाही. रेल्वे तिकिटाबरोबर काही पैशांत मिळतो तो विमा अपघाताचा असतो, तिकीट रद्द होण्याशी त्याचा संबंध नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

एकूण एकोणसाठ हजारांच्या आसपास गेले होते, त्यातले छत्तीस हजारांच्या जवळपास परत आले. जे गेले त्यातला मोठा वाटा विमानाचा. नोकरीत ड्युटी लागण्याची शक्यता असेल तर मी आता असं सांगते: निवडणुकीच्या वर्षात रद्द करता येणारं भाडं, थोडं महाग असलं तरी, घ्या, आणि आगाऊ पैसे पाठवण्याआधी 'सरकारी काम लागलं तर काय' हे मालकाला मेसेजमध्ये विचारून ठेवा.

शिक्षकांसाठी शेवटचं एक. उन्हाळी सुट्टीत काम करावं लागलं तर त्या प्रमाणात अर्जित रजा आपल्या खात्यात जमा होते. ती आपोआप होत नाही. प्रशिक्षण, साहित्यवाटप आणि मतदान या सगळ्या दिवसांचं उपस्थिती प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची प्रत जोडून कॉलेजच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. मी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिला. सेवापुस्तकात नोंद व्हायला ऑगस्ट उजाडला; मध्ये दोनदा जाऊन आठवण करून दिली. प्रमाणपत्र मात्र साहित्य जमा करतानाच, कितीही रात्र झाली असली तरी, सही-शिक्क्यासकट मागून घ्या. निकाल लागला की ती टेबलं उठतात आणि मग सही कोणाची घ्यायची हेच कळत नाही.